व्हिसा आला, पण कोणत्या हुद्द्याचा?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की आपल्याकडच्या बहुतेक घरांत एकच प्रश्न सुरू होतो. "बाहेर कुणाशी बोललास का?" बाहेर म्हणजे आखात. रायगड-रत्नागिरीतल्या मुस्लिम घरांना यात नवे काही नाही. आधी जहाजावर, आणि १९७० च्या दशकात तेलाचा पैसा वाहू लागल्यावर कुवेत, सौदी, मस्कत, दुबई. म्हसळा, श्रीवर्धन, खेड, दापोलीकडच्या कितीतरी घरांचे स्लॅब याच पैशातून पडले. आता मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, नांदेडची मुलेही त्याच रांगेत आहेत.

आजोबा खलाशी म्हणून गेले, अब्बा फोरमन किंवा ड्रायव्हर म्हणून गेले, नातू बी.ई. करून जातो. पण व्हिसाकडे बघण्याची आपली नजर मात्र आजोबांच्या काळातलीच आहे. "मामूने व्हिसा पाठवला" असे आपण म्हणतो, जणू ती भेटवस्तू आहे. आणि भेट म्हणून आलेली वस्तू कुणी उलटून-पालटून बघत नाही, तसे करणे बेअदबी वाटते. माझे म्हणणे एवढेच की ती उलटून-पालटून बघितलीच पाहिजे. काम करण्याचा तात्पुरता परवाना हा करार आहे. त्यात कुणाची मेहरबानी नाही.

मी मुंबई विद्यापीठाला संलग्न असलेल्या एका कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनीअरिंग केले, काही वर्षे दुबईत काढली आणि आता पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गावाकडची मुले ऑफर लेटरचे फोटो पाठवतात, "भाईजान, जरा बघा ना." त्या फोटोंतून जे दिसत आले, त्यावर हे लिहितो आहे.

अमेरिकेचे आधी संपवतो, कारण ते स्वप्न सगळ्यांना पडते. एच-वन-बी व्हिसाच्या वर्षाला ६५,००० जागा, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,०००. अर्ज कंपनीने करायचा असतो. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरचा भार टाकण्यात आला. नुकत्याच पास झालेल्या मुलासाठी एवढा पैसा कोणती कंपनी घालेल? जर्मनीची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या ब्लू कार्डसाठी पगाराची अट पदवी मिळून तीन वर्षे न झालेल्यांना कमी ठेवलेली आहे. ज्याची भाषा शिकायची तयारी असेल, त्याने तो रस्ता मनापासून बघावा. पण आपली बहुसंख्य मुले आखाताकडेच बघतात, म्हणून बोलू या आखाताबद्दलच.

ऑफर लेटर हातात आले की मुलगा पगाराचा आकडा बघतो. मी हुद्दा बघतो. सौदीत इंजिनीअर म्हणून काम करायचे तर सौदी कौन्सिल ऑफ इंजिनीअर्सकडे नोंदणी लागते. २०१८ च्या सुमारास तिथे ठरले की पाच वर्षांपेक्षा कमी अनुभव असलेले इंजिनीअर बाहेरून आणायचे नाहीत. मग गेल्या वर्षी पास झालेला आपला मुलगा तिथे कसा पोहोचतो? टेक्निशियन म्हणून, किंवा त्याहून खालच्या एखाद्या हुद्द्यावर. एजंट सांगतो, "एकदा आत जा, मग बदलून घेऊ." बदलायला दोन-तीन वर्षे जातात, पुष्कळदा बदलतच नाही. इकाम्यावर जो हुद्दा, तोच अनुभवाच्या दाखल्यावर. बीवीला, मुलांना नेता येईल की नाही, तेही त्याच ओळीवर ठरते. काम इंजिनीअरचे, कागद टेक्निशियनचा, आणि भांडण झाले की कागदच बोलतो.

ज्याची घरची गरज तातडीची आहे, त्याने टेक्निशियनच्या व्हिसावर जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. बहिणीचे लग्न, अब्बांचे आजारपण, ही कारणे मी खोडून काढणारा कोण? पण जाणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत हे विमानात बसण्याआधी ठाऊक हवे.

दुबईच्या बाजूला वेगळी गंमत असते. समजा पगार ५,००० दिरहम आहे आणि त्यात मूळ वेतन १,५०० दाखवले आहे, बाकी घरभाडे आणि भत्ते. मुलगा म्हणतो, "हातात तर ५,००० येतात ना?" येतात. पण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजतात. एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाचे २१ दिवसांचे मूळ वेतन. ५,००० चे २१ दिवस आणि १,५०० चे २१ दिवस यांत किती अंतर आहे, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही.

आता कुवेत. ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिचे मूळ कुवेतमध्ये नाही, आपल्या कॉलेजांत आहे. २०१८ मध्ये कुवेतने नियम केला की इंजिनीअरच्या हुद्द्यावरच्या परदेशी माणसाला निवासाचा परवाना नूतनीकरण करायचा तर कुवेत सोसायटी ऑफ इंजिनीअर्सचे ना-हरकत पत्र आणावे लागेल. सोसायटीने भारतीय पदव्यांसाठी एकच यादी धरली, नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशनची, म्हणजे एनबीएची. पंधरा-पंधरा वर्षे तिथे काम केलेल्या माणसांचा कोर्स त्या यादीत नव्हता. नावाजलेल्या संस्थांतून शिकलेलेही त्यात सापडले. हजारो लोकांची झोप उडाली, दिल्लीहून सरकारला बोलणी करावी लागली. कित्येकांनी हुद्दा खाली उतरवून दिवस काढले.

आपल्या मुलांना एआयसीटीई, नॅक आणि एनबीए हे तिन्ही एकच वाटतात. एआयसीटीईची मान्यता म्हणजे कॉलेज चालवायची परवानगी. नॅक सबंध संस्थेला श्रेणी देते. एनबीए मात्र एकेका अभ्यासक्रमाला मान्यता देते, तीही ठरावीक वर्षांपुरती. त्यामुळे एकाच कॉलेजात मेकॅनिकलला ती असू शकते आणि कॉम्प्युटरला नसू शकते, किंवा तुम्ही प्रवेश घेतला तेव्हा होती आणि पास होईपर्यंत संपली, असेही होऊ शकते. आणखी एक पेच आहे. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, म्हणजे आपल्या इंजिनीअरिंगच्या पदव्यांना इतर सदस्य देशांत बरोबरीचे मानायचे ठरले. पण ते फक्त एनबीएच्या टिअर-वन अभ्यासक्रमांना, म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे विभाग यांना. विद्यापीठाला संलग्न असलेली साधी कॉलेजे टिअर-टूमध्ये मोडतात. आपली बहुतेक मुले तिथेच शिकतात.

प्रवेशाच्या वेळी आपण काय बघतो? फी, घरापासूनचे अंतर, हॉस्टेलचे जेवण, आणि "आपल्या लोकांचे कॉलेज आहे" हे समाधान. आपल्या समाजाने उभी केलेली कॉलेजे मला अभिमानाचीच वाटतात, त्यांनी कितीतरी घरांत पहिला इंजिनीअर दिला. म्हणूनच त्यांना विचारले पाहिजे. माझ्या ब्रँचला एनबीए आहे का? कोणत्या वर्षापर्यंत? नसेल तर अर्ज केला आहे का? शिक्षकांच्या जागा किती रिकाम्या आहेत? एनबीए याच गोष्टी तपासते, त्यामुळे मान्यता मिळवायची तर रंगरंगोटीपेक्षा शिक्षक भरावे लागतात. ट्रस्टच्या जलशात नव्या इमारतीचे फोटो दाखवतात तेव्हा टाळ्या वाजवू या, आणि नंतर उठून हे विचारू या. एका पालकाने विचारले तर त्याला बसवतील. चाळीस पालकांनी विचारले तर पुढच्या बैठकीत विषय घ्यावा लागेल.

पुढचा मुद्दा आपल्या नावांचा. शेख मोहम्मद इरफान अब्दुल कादिर, असा एक मुलगा समजा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी. डिग्रीवर मोहम्मदचे संक्षिप्त रूप, पुढे बापाचे नाव. आधारवर कादिर शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आणि सगळे नाव एकाच रकान्यात. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही, मोहल्ल्यात सगळे इरफानला ओळखतात. पण दूतावासाच्या खिडकीवरच्या माणसासाठी ही चार वेगळी माणसे आहेत. नोव्हेंबर २०२२ पासून तर पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशाला यूएईने व्हिजिट व्हिसावर घेणेच बंद केले. हे सारे दुरुस्त होते. राज्य सरकारच्या राजपत्रात नावाची नोंद करता येते, पासपोर्ट बदलून मिळतो. फक्त वेळ लागतो, आणि ऑफर आल्यावर नेमका वेळच नसतो. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत हे काम उरकावे.

तसेच ॲटेस्टेशनचे. डिग्री आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करायची. सौदीने डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल स्वीकारले आहे, ओमान आणि बहरीन त्याआधीपासून, त्यामुळे तिथे परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलवर भागते. यूएई, कुवेत आणि कतारसाठी पुढे त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. यासाठी दीक्षान्तानंतर मिळणारे मूळ प्रमाणपत्र लागते, तात्पुरत्यावर अडते. विद्यापीठाने ते वेळेवर द्यावे, ही अपेक्षा फार आहे का?

व्हिजिटवर जाऊन नोकरी शोधण्याबद्दल मला रोज कुणीतरी विचारते. शोधायला, मुलाखती द्यायला जा, काही हरकत नाही. पण परमिट नसताना कामाला बसू नका. "महिनाभर ट्रायल दे, मग व्हिसा काढतो," असे म्हणणाऱ्या एका कंपनीत आमच्या तालुक्यातला एक मुलगा सात आठवडे कोड लिहीत होता. शेवटी त्याच्या हातात परतीचे तिकीट होते, पगार नव्हता. २०२४ च्या दुरुस्तीनंतर यूएईत परमिटशिवाय कामाला ठेवणाऱ्या मालकाला १ लाख ते १० लाख दिरहमपर्यंत दंड आहे. कायदा तुमच्या बाजूने आहे, पण तुम्ही तिथे बेकायदा असाल तर तक्रार करायला पाय उचलत नाही, आणि मालक तेच ओळखून असतो. सौदीतल्या "आझाद व्हिसा"चेही तेच. कफील एक, काम दुसरीकडे, आणि पोलिसांनी थांबवले तर दोन्हींपैकी कुणीच ओळख देत नाही.

पैशांबद्दल. यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने करायचा, तो कामगाराकडून वसूल करता येत नाही. आपल्या देशात परवानाधारक एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. तरी दीड लाख, दोन लाख ऐकू येतात. त्यासाठी अम्मीचे दागिने सोनाराकडे जातात, व्याज चढते. व्याजाबद्दल जुम्म्याला एवढे ऐकूनही यावर कुणी बोलत नाही, याचे मला नवल वाटते. एजंटाचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाच मिनिटांत तपासता येतो. एजंट नात्यातला असला तरी तपासा. नात्यातला असेल तर आधी तपासा.

दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो. तो १८ ठरावीक देशांत कामाला निघाला की त्याचा करार सरकारी कार्यालय बघते, विमा सक्तीचा असतो. पदवीधराला ही अट नाही, त्याला सुशिक्षित धरलेले आहे. म्हणजे हेल्परचा करार कुणीतरी वाचतो, आणि इंजिनीअरचा करार इंजिनीअरनेच वाचायचा असतो. तो मात्र पानाच्या शेवटी सही करून फोटो पाठवतो.

मुलींचे वेगळे सांगायला हवे. माझ्या ओळखीत एका मुलीला शारजातल्या कंपनीची रीतसर ऑफर होती. हुद्दा सॉफ्टवेअर इंजिनीअर, मूळ वेतन चांगले, राहण्याची सोय. तिच्या भावाकडे व्हिजिट व्हिसापलीकडे काही नव्हते. घरच्यांनी भावाला पाठवले आणि तिला सांगितले, "एकटी कशी जाशील?" शारजाला तिची खाला राहते.

जाणाऱ्यांना नावे ठेवणारे लोकही असतात. त्यांनी पुण्यात आमच्या आडनावाने भाड्याचे घर शोधून बघावे, मग बोलावे. बाहेर जाण्यात पळपुटेपणा नाही, आणि इथे राहण्यातही कमीपणा नाही. मी परत आलो ते मला इथे चांगले काम मिळाले म्हणून.

आमच्या तालुक्यातल्या चार-पाच जणांनी मिळून रविवारी सकाळी दोन तास ऑफर लेटर वाचून द्यायचे ठरवले आहे. एक जण सौदीत अकरा वर्षे होता, एक वकील आहे, बाकी आम्ही कॉम्प्युटरवाले. फी नाही. ज्यांना पाठवायचे असेल त्यांनी संपादकांकडे पाठवा, आमच्यापर्यंत येते. पगाराचा आकडा झाकलात तरी चालेल, हुद्द्याची ओळ तेवढी उघडी ठेवा.