एक्सलचा खर्च आणि मालकाची जबाबदारी

बैलगाडीच्या काळी चाक कुरकुरू लागले की गाडीवान गाडी थांबवून आसाला वंगण देत असे. वंगण स्वस्त आणि आस महाग, हा हिशोब त्याला कोणी शिकवावा लागला नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र हाच हिशोब पुष्कळदा विसरला जातो. त्याचे कारण उघड आहे. बैलगाडीचा आस डोळ्यांसमोर असे. ट्रॅक्टरचा मागील एक्सल ओतीव लोखंडाच्या आवरणात झाकलेला असतो आणि त्याची कुरकुर इंजिनाच्या आवाजात बुडून जाते. तो मोडून पडतो, तेव्हाच मालकाला त्याची आठवण होते.

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावांत सोयाबीन आणि तूर ही खरिपाची प्रमुख पिके होत. पावसावर अवलंबून असलेल्या काळ्या जमिनीत पेरणीयोग्य वापसा येतो तो साऱ्या शिवारात जवळजवळ एकाच वेळी, आणि त्याचे दिवस थोडे असतात. अशा दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला म्हणजे मालकावर दुहेरी भार पडतो. एकीकडे दुरुस्तीचा खर्च, तर दुसरीकडे स्वतःच्या पेरणीसाठी भाड्याच्या ट्रॅक्टरची शोधाशोध. शिवाय त्याच ट्रॅक्टरवर भिस्त ठेवून बसलेल्या अल्पभूधारकाची पेरणीही लांबते. त्याचा तर यात काडीचाही दोष नसतो. म्हणून एक्सलची निगा ही केवळ मालकाची खासगी बाब समजणे योग्य होणार नाही.

घाईच्या वेळी दोन चुका हटकून घडतात. पहिली चूक म्हणजे तुटलेला हाफ शाफ्ट वेल्डिंग करून पुन्हा बसविणे. हा शाफ्ट मिश्र पोलादाचा असून त्याला उष्णतेची विशिष्ट प्रक्रिया देऊन कणखर केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने ती प्रक्रिया बिघडते आणि जोडाशेजारचा भाग ठिसूळ होतो. असा शाफ्ट चार दिवस चालेलही. परंतु भरलेली ट्रॉली उतारावर असता तो पुन्हा तुटल्यास प्रसंग जिवावर बेतू शकतो. वाचलेले पैसे मग कोणत्या खात्यात मांडावयाचे?

दुसरी चूक अधिक सार्वत्रिक आहे. नवा शाफ्ट बसविला, चाक फिरू लागले, की काम झाले असे मानले जाते. जुना शाफ्ट का तुटला याची चौकशीच होत नाही. वास्तविक तुटलेला तुकडा बोलका असतो. तुटीच्या तोंडावर काही भाग काळपट, गुळगुळीत व वलयांकित आणि उरलेला भाग खरखरीत व चकचकीत दिसल्यास चीर जुनी होती आणि ती हळूहळू वाढत गेली असे समजावे. शाफ्टचे दाते पिळवटलेले असल्यास जोर प्रमाणाबाहेर गेला होता. सर्वच तोंड ताजे व खरखरीत असल्यास एकाएकी बसलेल्या धक्क्याचा संशय घ्यावा. म्हणून तुटलेला भाग भंगारात टाकण्यापूर्वी मालकाने तो स्वतः पाहावा आणि कारागिराकडून कारण समजावून घ्यावे. बेअरिंग खिळखिळे असेल, तर त्यावर बसविलेला नवा शाफ्टही जुन्याच्याच वाटेने जाईल. तसेच क्राउन आणि पिनियन यांपैकी एकाचे दाते तुटले असल्यास दोन्ही जोडीनेच बदलावे लागतात. एक नवे व एक जुने अशी जोडी नीट जुळत नाही. येथे केलेली काटकसर दुप्पट खर्चात पडते.

कारणे पाहू गेल्यास ती बहुधा नित्याच्या वापरातच सापडतात. चिखलात एक चाक जागीच फिरू लागले म्हणजे डिफरन्शियल लॉक लावणे रास्त आहे. परंतु तो लावलेला असताना ट्रॅक्टर वळविला तर एक्सलवर विलक्षण ताण येतो. रुतलेली ट्रॉली काढताना क्लच एकदम सोडण्याचा परिणामही तोच होतो. चाकांमधील अंतर वाढविण्यासाठी वाटेल तसले जोडतुकडे घातल्यास एक्सलवरील वाकविणारा भार वाढतो. तेलाचे सील गळू लागल्यास आतील तेल उतरते, आणि ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक कोरडे असतात त्यांत ते ब्रेकवरही जाते. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, आणि काढलेल्या तेलात पोलादाचे कण चमकले तर आत काहीतरी झिजत आहे, असे निश्चित समजावे. ट्रॉलीवर बेसुमार माल लादण्याविषयी तर सांगावयासच नको. प्रत्येक वेळी दोष चालकाच्या माथी मारला जातो. परंतु जादा खेपेचा आग्रह धरणारा बहुधा मालकच असतो.

आता पैशाचा प्रश्न. ट्रॅक्टरचे आयुष्य साधारणतः १० वर्षे किंवा १०,००० तास धरण्याचा कृषी अभियांत्रिकीत प्रघात आहे. म्हणजे प्रत्येक तासाला यंत्र थोडे थोडे झिजत असते, आणि ती झीज हा त्या तासाचाच खर्च होय. समजा, मालकाने तासामागे ५० रुपये बाजूला ठेवले आणि वर्षात ६०० तास काम झाले, तर ३०,००० रुपये जमतात. हा पैसा ऐन पेरणीत सावकाराचा उंबरठा चढू देत नाही. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानाने ट्रॅक्टर व अवजारांच्या खरेदीस आणि भाडे केंद्रांस साहाय्य दिले. परंतु मालकीच्या ट्रॅक्टरचा तुटलेला एक्सल अनुदानातून बदलून मिळेल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. जे भाड्याने ट्रॅक्टर चालवितात त्यांनी तर ही रक्कम भाड्याच्या दरातच धरली पाहिजे. ती न धरता लावलेला स्वस्त दर म्हणजे स्वतःचा ट्रॅक्टर तुकड्यातुकड्याने विकणे होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाणे आणि खते यांच्याबरोबरच या विषयाकडेही लक्ष पुरविणे अगत्याचे आहे. मे महिन्यात गावातील मालक व चालक यांना एकत्र बोलावून तेलाची पातळी, सील, चाकाचे नट आणि पुढील एक्सलमधील ग्रीस यांची तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. एखादा तुटलेला शाफ्ट हाती मिळाल्यास तोही तेथे मांडावा. करडा येथील कृषी विज्ञान केंद्र याच तालुक्यात आहे. तेथील तज्ज्ञांचा सल्ला घेता येईल. एका दुपारचे हे काम आहे. ते मृगापूर्वी झाले, तर ऐन वापशात ट्रॅक्टर उभा राहण्याचे आणि त्यापायी पेरणी चुकण्याचे अनेक प्रसंग टळतील.