शेवाळ काढा, टँक नको

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मी मॅगझिनच्या मराठी विभागात लिहिणार हे ऐकून घरी हशा पिकला. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण विषयच असा आहे की गप्प बसवत नाही.

मेन बिल्डिंगच्या जिन्याखाली एका जुन्या बॅचने भेट दिलेला ३०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. हल्ली तो तुम्हाला फक्त हिरवी काच म्हणून माहीत असेल. आत दोन क्लाउनफिश आहेत. दगडांवर झोआंथिड आहेत, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी फुलं वाटावीत असे मऊ जीव. (टणक प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात येतात. ते आपल्याकडे नाहीत, घाबरू नका.) या फुलांवर गेल्या चार महिन्यांत दोन-दोन इंच हिरवे केस वाढलेत आणि खालची फुलं उजेडाविना मिटून बसलीत. आता ठरतंय की टँक काढायचा आणि तिथे ट्रॉफ्यांचं कपाट ठेवायचं. माझा याला साफ विरोध आहे.

विरोध आणखी एका गटाला आहे. त्यांचं म्हणणं, शेवाळनाशकाची बाटली ओता, मोकळे व्हा. यांच्याशी तर माझं जास्त भांडण आहे, कारण ओतायच्या आधी समोर काय आहे हे कोणी बघितलंच नाही. मी चिमूटभर शेवाळ उपटून पांढऱ्या वाटीत खाऱ्या पाण्यात सोडलं. साधे, मऊ, सुटे धागे निघाले, ओढलं की तुटणारे. हे डर्बेसियाच्या जातीचं दिसतं. प्रत्येक धाग्याला मधे कणा आणि दोन्ही बाजूंना पिसासारख्या काड्या असत्या तर ते ब्रायोप्सिस ठरलं असतं. ते दगडाला चिवट धरतं आणि शंखही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. लालसर साय पापुद्र्यासारखी निघाली तर ते शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया. आणि तपकिरी शेंबडासारखं, आत बुडबुडे अडकलेलं असेल तर डायनोफ्लॅजेलेट. हे प्रकरण बऱ्याचदा पाणी अति स्वच्छ केल्यानेच वाढतं. म्हणजे एकाचा उपाय तो दुसऱ्याचा खुराक!

आपलं हे हिरवं फॉस्फेट आणि नायट्रेटवर जगतं. केमिस्ट्री लॅबमध्ये टेस्ट केली तर फॉस्फेट शून्य. झालं, सगळे म्हणाले, पाणी तर उत्तम आहे. अरे, महिनाअखेरीला पाकीट रिकामं असतं म्हणजे घरून पैसे आलेच नव्हते का? आलेलं सगळं शेवाळाने खाल्लं, म्हणून पाण्यात शून्य दिसतं.

फर्स्ट इयरचा मास बॅलन्स इथे लावा. आत येणारं वजा बाहेर जाणारं, उरलं ते साठणारं. माशांच्या कोरड्या खाद्यात फॉस्फरस एक टक्का धरा. एक ग्रॅम खाद्य म्हणजे १० मिलिग्रॅम फॉस्फरस, फॉस्फेटच्या हिशोबात ३०. तीनशे लिटरमध्ये लिटरला ०.१ मिलिग्रॅम. रीफ टँकवाले साधारण इथेच वरची मर्यादा धरतात आणि आपण ती एका ग्रॅममध्ये गाठतो! आता व्हायवाला जाताना नवस केल्यासारखी चिमूट टाकणारे किती जण आहेत, ते स्वतःच मोजा.

दुसरा दरवाजा पाण्याचा. रोज तीनेक लिटर पाणी उडून जातं. फक्त पाणी उडतं, विरघळलेलं सगळं मागे राहतं. वॉचमन काका बिचारे प्रेमाने मेसच्या आरओचं पाणी भरतात. मी टीडीएस मीटर लावला. नळाचं पाणी ४१०, मेसचं ‘शुद्ध पेयजल’ ३९५. टँकसाठी तो आकडा शून्याजवळ हवा. टीडीएसवरून फॉस्फेट कळत नाही, पण गाळणी झोपलीय एवढं नक्की कळतं. (ते पाणी आपणही पितो. तो वेगळा लेख.)

गोळीवाल्यांचंही ऐकून घेते. गजकर्णावर देतात ती फ्लुकोनॅझोल ब्रायोप्सिसवर खरंच चालते, डर्बेसियावरही. पण मेलेलं शेवाळ आतच कुजलं तर खाल्लेलं सगळं पाण्यात परत आणि ऑक्सिजन खाली. शिवाय दगडांनी महिनोन् महिने फॉस्फेट धरून ठेवलेलं असतं, तेही हळूहळू सुटत राहतं. म्हणून हाताने उपटून बाहेर फेकणं हाच माझ्या मते पहिला उपाय. उपटलेला प्रत्येक गोळा म्हणजे बाहेर गेलेलं फॉस्फेट.

आणि खाणारे हवेत. खऱ्या समुद्रात हे किती महत्त्वाचं असतं ते कॅरिबियनमध्ये दिसलं. १९८३ मध्ये पनामाच्या बाजूने डायाडेमा नावाच्या लांब काट्यांच्या काळ्या सागरी अर्चिनवर रोग आला आणि साधारण वर्षभरात तिथले ९० टक्क्यांहून जास्त अर्चिन मेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे आधीच मारून संपवले होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या रीफवर निम्म्या भागात जिवंत प्रवाळ होते, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्केही राहिले नाहीत. बाकीच्या जागेवर शेवाळ. आपल्या टँकमध्ये शेवाळ खाणारा एकही जीव नाही. सहा टर्बो शंख आणले तरी फरक पडेल, पण आधी केस कापायला हवेत, कारण लांब शेवाळ ते टाळतात.

तर प्राचार्य सरांकडे माझी मागणी तीन महिन्यांची आहे. खायला घालणारा एकच माणूस, पाणी चांगल्या आरओ-डीआयचं, दिवे आठ तासांवर, आणि दर शनिवारी उपटणं. दगड घासताना हातमोजे आणि चष्मा सक्तीचा, कारण काही झोआंथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबरदस्त विष असतं. तीन महिन्यांनी फुलं उघडली नाहीत तर कपाट मी स्वतः उचलून आणते.

येत्या शनिवारी ४० लिटर पाणी बदलायचंय आणि माझ्याकडे एकच बादली आहे. साबणाचा अंशही चालत नाही. ज्या बादलीत आजवर कपडे भिजलेले नाहीत अशी बादली बॉईज हॉस्टेलमध्ये नक्की सापडेल, अशी माझी खात्री आहे.