चोरी कोणाची, भुर्दंड कोणाला?



गतवर्षी लग्नसराईच्या ऐन भरात आमच्या दुकानातील मालाची मोजदाद केली, तेव्हा दोन भारी साड्या कमी भरल्या. बिल नव्हते, परतीची नोंदही नव्हती. तो विभाग सांभाळणारी मुलगी नवी होती. मनात संशय यायला क्षणही लागला नाही. मी तिला चोर म्हटले नाही. परंतु तिच्या पगारातून रक्कम वळती केली आणि रात्री घरी जाताना तिची पिशवी तपासण्याचा नियम लावला. आठवड्याने कॅमेऱ्याचे चित्रण निवांतपणे पाहिले. गर्दीच्या दुपारी तिघेजण आले होते. दोघांनी तिला वरच्या फळीवरचा माल काढायला लावला आणि तिची पाठ वळताच तिसऱ्याने दोन घड्या मोठ्या पिशवीत सारल्या.

पूर्वी ग्राहक गादीवर बसे आणि माल विक्रेत्याच्या हातानेच उलगडला व मिटला जाई. आज माल खुल्या मांडणीत असतो. ग्राहकाला मोकळीक मिळाली, तशी हातचलाखीलाही मिळाली. पाच कपडे घेऊन आत गेलेली व्यक्ती चारच घेऊन बाहेर येते आणि गर्दीत ते कोणाच्या ध्यानीही येत नाही.

या चोरीचा हिशेब दिसतो त्याहून जड असतो. समजा, हजार रुपयांच्या वस्तूवर सर्व खर्च वजा जाता पन्नास रुपये उरतात आणि तिची खरेदी आठशेची आहे. अशी एक वस्तू गेली, तर ते आठशे भरून काढण्यासाठी आणखी सोळा वस्तू विकाव्या लागतात. त्यामुळे व्यापाऱ्याचा संताप समजण्यासारखा आहे. प्रश्न असा, की तो संताप उतरतो कोणावर?

बहुधा जो समोर असतो त्याच्यावर. चोर निघून गेलेला असतो. दहा-बारा तास उभे राहून माल दाखवणारा कर्मचारी तेथेच असतो. ग्राहकाकडे रोखून पाहिले तर ग्राहक दुखावतो, न पाहिले तर मालक रागावतो. अशा कात्रीत सापडलेल्या माणसाच्या मुखावर हसू कोठून येणार?

आपल्या धर्मात चोरीला अदत्तादान म्हटले आहे. जे दिलेले नाही, ते घेणे. हा शब्द साडी लांबवणाऱ्याला लागू होतो, तसाच निरपराध माणसाच्या कष्टाचे वेतन कापणाऱ्या मलाही लागू होतो. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत चोरीचा माल घेणे हाही अतिचार सांगितला आहे. बिलाशिवाय निम्म्या भावात माल देऊ करणारा दारी आला, तर तो कोणा साधर्मिकाच्या फळीवरून तर आला नाही ना, हे विचारणे आपले कर्तव्य आहे. घेणाराच नसेल, तर चोराला विकायचे कोठे?

कायदाही येथे धर्माशी सुसंगत आहे. ताब्यात सोपवलेल्या मालाची हानी थेट कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे झाली असेल तरच, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेऊनच, वेतनातून कपात करता येते. सरसकट वर्गणीसारखी कपात करता येत नाही. चोराच्या बाबतीतही मारहाण किंवा त्याचे चित्रण गावभर पाठवणे हा मार्ग नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच हजारांहून कमी किमतीच्या पहिल्या चोरीत वस्तू वा तिची किंमत परत केल्यास समाजसेवेच्या शिक्षेची तरतूद आहे. सुधारण्याची वाट कायदा ठेवतो, ती आपण का बंद करावी?

सावधगिरी मात्र हवीच. भारी माल विक्रेत्याच्या हाताशी ठेवावा, एका वेळी मोजकेच नग उलगडावेत, गर्दीच्या दिवशी एक माणूस जास्त नेमावा, मोजदाद वर्षातून एकदा न करता दरमहा करावी. आणि नग कमी भरला, तर प्रथम चित्रण व नोंदी पाहाव्यात. माणसाकडे बोट त्यानंतर दाखवावे.

त्या मुलीची रक्कम मी लगेच परत केली, पिशवी तपासण्याचा नियमही काढला. क्षमा मागायला मात्र संवत्सरी उजाडावी लागली. मी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणालो, तेव्हा ती हळूच म्हणाली, “शेठजी, पैसे तर मिळाले. पण त्या आठवड्यात बाकीच्या मुली माझ्याशी बोलत नव्हत्या.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. साड्यांचे नुकसान मी केव्हाच वहीत लिहून मोकळा झालो होतो. हे कोणत्या खात्यावर लिहावे, ते आजही उमगलेले नाही.