टीप आणि कड



गेल्या आठवड्यात गावातील एक माउली आपल्या लेकीस घेऊन मजकडे आली. मुलगी शिवणवर्ग पुरा करून घरी परतली होती. घरचे जुने पायाचे यंत्र विकावे, गळ्यातील साखळी मोडावी आणि ओव्हरलॉक यंत्र घ्यावे, असा मायलेकींचा बेत होता. "फादर, ते एकच यंत्र सगळे शिवील ना?" असे आईने विचारले. हा प्रश्न इतरही घरांत निघत असेल, म्हणून उत्तर येथे देतो.

साध्या यंत्रात दोन धागे असतात. एक वरून सुईतून येतो, दुसरा खालच्या बॉबिनमधून. कापडाच्या जाडीत दोहोंचा विळखा पडतो व टीप बसते. ही टीप कडेला, मध्यभागी, खिशावर, चेनेवर, कोठेही घालता येते.

ओव्हरलॉकात बॉबिन नसते. तेथे बहुधा तीन, चार वा पाच धागे रिळांवरून थेट चालतात आणि खालचे काम लूपर नावाचे आकडे करतात. सुईशेजारचे पाते कापडाची वाढीव कड छाटते व लगोलग धागे त्या कडेस वेढतात. त्यामुळे दशा सुटत नाहीत. ही शिवण ताणली असता लवते, म्हणून बनियनसारख्या विणीच्या कापडास ती मानवते. अमेरिकेतील मेरो कंपनीने १८८९ साली अशा यंत्राचे पेटंट मिळविले.

परंतु हे यंत्र कडेचेच चाकर आहे. काज करणे, चेन लावणे, खिसा बसविणे त्यास साधत नाही. त्यास धागाही पुष्कळ लागतो. शिवाय चुकलेली टीप उसवून पुन्हा घालता येते; छाटलेले कापड मात्र परत येत नाही. टाचणी काढण्यास विसरल्यास पातेही बिघडते.

म्हणून मी त्यांस सांगितले, "जुने यंत्र विकू नका; पोट त्याच्यावर भरेल. तूर्त कडा बाजारातील शिंप्याकडून ओव्हरलॉक करून घ्या व दिलेला प्रत्येक पैसा वहीत मांडा. सहा महिन्यांनी ती वहीच सांगेल, दुसरे यंत्र परवडते की नाही."

मायलेकी विचार करीत परतल्या. साखळी अजून माउलीच्या गळ्यात आहे आणि मुलीने वही घातली आहे.