पुनर्विवाह आणि भाकरीचा प्रश्न

विधवेच्या पुनर्विवाहाची कथा आपल्याकडे बहुधा पुरुषाच्या धैर्याची कथा म्हणून सांगितली जाते. विवाह करणारा तो सुधारक, आणि जिच्याशी विवाह झाला ती उद्धरलेली अबला! गिरगावात आरंभ झालेली एक हकीकत मात्र निराळेच सांगते.

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी चौपाटीनजीक शारदा सदन उघडले. आठव्या वर्षी वैधव्य आलेल्या गोदूबाई या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्यांचे बंधू नरहरपंत जोशी यांनी त्यांना मुंबईस आणले होते. पुढे सदन पुण्यास गेले. नरहरपंतांचे स्नेही धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी राधाबाई १८९१ साली निवर्तल्या. पुन्हा विवाह केला तर विधवेशीच, हा कर्व्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे सदनाच्या चौथ्या वर्धापनदिनी, गोदूबाई आनंदीबाई कर्वे झाल्या. मुरुडच्या ग्रामस्थांनी बहिष्कार घातला. संसार मात्र टिकला. पुढे 'बाया' या नावाने त्यांनी आश्रमासाठी निधी गोळा केला आणि 'माझे पुराण' लिहिले.

या स्त्रीचे नवे आयुष्य लग्नमंडपात सुरू झाले नाही. ते सदनाच्या दारात सुरू झाले. छप्पर आणि अक्षरओळख लाभल्यावरच आपल्या आयुष्याविषयी होय अथवा नाही म्हणण्याची ताकद तिला मिळाली. प्रेम अकल्पितपणे येते हे खरे. परंतु ते स्वीकारण्याची मोकळीक अकल्पितपणे येत नाही.

कायद्याने तर या मोकळिकीवर दंडच बसवला होता. १८५६ च्या कायद्याने विधवेचा पुनर्विवाह वैध ठरवला, पण पुनर्विवाह करताच मृत पतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क, जणू ती मरण पावली असे मानून, संपुष्टात आणला. हा कायदा १९८३ साली रद्द झाला. त्यामागची वृत्ती मात्र रद्द झाली नाही. २००९ साली सुरू झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तिवेतन योजनेचा नियम असा की, पुनर्विवाह झाला की मदत बंद. नवरा आला म्हणजे भाकरी आली, हे गृहीतच! तो बेकार असेल, आजारी असेल, तर काय, हे कोणी विचारत नाही.

लालबाग-परळच्या गिरणगावाने हा प्रश्न अधिक व्यवहारी रीतीने हाताळला. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून त्यांच्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जे मिळवली. येथे कोणी कोणाचे लग्न लावत नव्हते. परंतु ज्या बाईच्या हाती स्वतःची कमाई आहे, ती एकटी राहील तर नाइलाजाने नव्हे, आणि संसार मांडील तर पोटासाठी नव्हे.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने वैधव्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य शासनानेही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. कुंकू आणि बांगड्या राहिल्या, हे उत्तमच झाले. पण त्यावर थांबता येणार नाही. पुनर्विवाहाबरोबर मदत तोडणारा नियम रद्द व्हावा, निवृत्तिवेतन तिच्या गरजेवर ठरावे आणि राहत्या खोलीवर तिचे नाव लागावे, या मागण्या कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत नेल्या पाहिजेत. जिच्या पायाखाली स्वतःची जमीन आहे, तिलाच कोणाचा हात निर्भयपणे हाती घेता येतो.