'नको' म्हटलेले आपण ऐकतो का?



शाळाशाळांतून 'गुड टच, बॅड टच'चे कार्यक्रम होतात, व्हावेतच. माझा मुलगा तेरा वर्षांचा, स्वमग्न. अशा एका कार्यक्रमानंतर मी त्याला विचारले, 'बॅड टच म्हणजे काय रे?' त्याने गाल दाखवला. आत्या गालगुच्चा घेते, तो त्याला सोसत नाही! गुदगुल्या आवडतात, म्हणून त्या 'गुड', मग करणारा कोणी का असेना. या मुलांना कोण, कुठे, कशासाठी, हे ठरवून द्यावे लागते. कपडे काढायचे ते न्हाणीत, कडी लावून. चड्डीच्या आत डॉक्टर तपासणार ते आई जवळ असतानाच.

आणि कडी आमच्याच न्हाणीला नव्हती. परड्यातली न्हाणी, दाराला गोणपाट. चार वर्षांचा असताना तो ओलाच अंगणात धावला की सगळे हसायचे. काही महिन्यांपूर्वी तसाच आला, तर शेजारी ओरडले. इतकी वर्षे चालले ते आता का चालत नाही, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. कडी दुसऱ्या दिवशी बसवली. सवय लागायला चार महिने गेले.

त्याहून मोठी चूक म्हणजे आपण या मुलांना फक्त ऐकायला शिकवतो. 'बस', 'हात दे', 'काकांना पापी दे'. ऐकले की बिस्कीट. असे मूल ऐनवेळी 'नाही' म्हणेल कसे? त्यात आमचा सीमाभाग. घरी 'नको', बेळगावात थेरपीला कन्नडमधून 'बेड'. माझा मुलगा 'बेड' ऐकले की गादीवर जाऊन आडवा व्हायचा. आम्ही हसलो. रात्री मात्र मला झोप लागली नाही.

मुलाच्या अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला लैंगिक अत्याचार 2012 च्या पोक्सो कायद्यात अधिक गंभीर गुन्हा धरला आहे. पण तो गुन्हा घडल्यानंतरचा मामला, आणि ज्याला बोलताच येत नाही तो 1098 या बालमदत क्रमांकाला फोन करून सांगणार काय? मुलांच्या वयाला साजेसे सुरक्षिततेचे साहित्य सरकारांनी तयार करावे, असे याच कायद्याचे 2020 चे नियम सांगतात. ते चित्रांसह, मराठीतूनही, आमच्या अंगणवाड्यांपर्यंत यावे.

आमच्या गावात साहित्य संमेलन भरते. त्यात एक तास या विषयाला द्या. खुर्च्या लावायला मी येईन.

— एक आई, बेळगुंदी (ता. बेळगाव)