मोज्यातील काळी सुरी

शस्त्र कोणते आणि अलंकार कोणता, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. जे मारते ते शस्त्र, जे मिरवते तो अलंकार, असे उत्तर कोणीही देईल. परंतु एकच वस्तू मारूही शकते आणि मिरवलीही जाते, तेव्हा हे उत्तर अपुरे पडते. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय पोशाखातील एक लहानशी सुरी ही अशीच वस्तू आहे. आजच्या काळी ती अंगावर बाळगून चारचौघांत वावरावे की नाही, याविषयी दोन मते आहेत. वाद दूरदेशीचा खरा. पण आपली परंपरा आणि शेजाऱ्याचे निर्धास्तपण यांचा मेळ कसा घालावा, हा त्यातील प्रश्न आपल्याही दाराशी येतो. म्हणून त्याचा विचार या पानांतून करावा, असे आम्हांस वाटले.

बॅगपाईप वाजवणारी पथके आपल्या सैन्यातही आहेत आणि प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती आपण पाहतो. हे वाद्य ज्यांच्याकडून आपल्याकडे आले, त्या स्कॉटिश लोकांचा पोशाख म्हणजे किल्ट. कमरेपासून गुडघ्यापर्यंत येणारे, मागील बाजूस चुण्या घातलेले, रंगीत चौकटींच्या लोकरी कापडाचे ते वस्त्र असते. त्याच्या पुढे चामड्याची थैली लोंबत असते आणि पायांत गुडघ्याखालपर्यंत येणारे जाड मोजे असतात. या मोज्याच्या दुमडलेल्या काठाशी, बहुधा उजव्या पायात, एक सुरी खोचलेली असते. बाहेरून तिची केवळ मूठ दिसते. पाते तीन ते साडेतीन इंचांचे, एकाच बाजूस धार असलेले. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत तिला 'स्किअन डू' म्हणतात. त्याचा अर्थ 'काळी सुरी'. जुन्या काळी दलदलीत शेकडो वर्षे मुरून काळ्या पडलेल्या ओक लाकडाची मूठ तिला बसवीत, त्यावरून हे नाव पडले असे काही जण म्हणतात. काळी म्हणजे लपवलेली, असाही अर्थ लावला जातो. आपण 'काळा बाजार' म्हणतो, तेव्हा तेथेही रंगाचा संबंध नसून लपवाछपवीचा असतो, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

ही सुरी मोज्यात कशी आली याची एक कथा सांगितली जाते. पूर्वी डोंगराळ मुलुखातील मनुष्य काखेखाली एक सुरी लपवून ठेवी. तो दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला, की मोठी शस्त्रे दाराशीच ठेवी. पण यजमानाच्या छपराखाली लपविलेले शस्त्र बाळगणे हा त्याच्या अन्नाचा अपमान होय. म्हणून तो काखेतली सुरी काढून मोज्यात, सर्वांना दिसेल अशी, खोचून ठेवी. कथेतला तपशील काहीही असो, तिच्यातला भाव स्पष्ट आहे. उघड्यावर ठेवलेली सुरी ही धमकी नव्हे. 'माझ्याजवळ लपवलेले काही नाही' अशी ती ग्वाही होय. सर हेन्री रेबर्न या चित्रकाराने 1812 च्या सुमारास ग्लेनगॅरीच्या मॅक्डॉनेल सरदाराचे जे प्रसिद्ध चित्र काढले, त्यात ही सुरी मोज्यातून डोकावताना दिसते.

या पोशाखामागे एक दुःखद इतिहासही आहे. 16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या रणांगणावर डोंगरी टोळ्यांचे बंड मोडले. त्यांची शस्त्रे काढून घेण्याचे कायदे झालेच. पण सरकार तेवढ्यावर थांबले नाही. त्याच वर्षी केलेल्या कायद्याने तेथील पुरुषांना आणि मुलांना त्यांचा परंपरागत पोशाख घालण्यासही बंदी झाली. पहिल्या अपराधास सहा महिने कारावास आणि दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी, अशी शिक्षा होती. 1782 मध्ये ही बंदी उठली. पुढे 1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी त्या समारंभाची आखणी केली व राजाने स्वतः किल्ट परिधान केला. ज्या वस्त्रासाठी लोक तुरुंगात गेले, तेच वस्त्र राष्ट्राचे भूषण ठरले. तेव्हा 'ही सुरी काढून ठेवा' असे कोणी म्हटले, की स्कॉटिश माणसाच्या मनात जुनी जखम का जागी होते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

आजचा कायदा मात्र याबाबतीत समंजस आहे. स्कॉटलंडमध्ये 1995 च्या फौजदारी कायद्यान्वये सार्वजनिक जागी धारदार वा टोकदार वस्तू बाळगणे हा गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तीन इंचांहून लहान पात्याचा, घडी घालता येणारा चाकू तेवढा यातून वगळला आहे. मोज्यातील सुरीचे पाते घडीचे नसल्याने तिला ही सवलत मिळत नाही. तिला आधार आहे तो वेगळ्या कलमाचा. कामासाठी, धार्मिक कारणासाठी किंवा राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती वस्तू जवळ होती, असे आरोपीने दाखविले, तर तो निर्दोष ठरतो. इंग्लंडमध्येही 1988 च्या कायद्यात हाच बचाव आहे. याचा अर्थ असा, की पूर्ण पोशाखात लग्नास निघालेल्या गृहस्थाच्या मोज्यातील सुरी कायद्याला मान्य आहे. तीच सुरी विजारीच्या खिशात घालून रात्री दारूच्या गुत्त्यात शिरणाऱ्यास तो बचाव मिळणे कठीण. आमच्या कोकण-गोव्याकडे कमरेच्या आकडीत कोयता अडकवून बागायतीकडे निघालेला गडी पाहून कोणी दचकत नाही, कारण कोयत्याचे काम सर्वांना ठाऊक असते. तोच कोयता घेऊन तो सिनेमाच्या रांगेत उभा राहिला, तर लोक दूर सरतील. वस्तू तीच, माणूसही तोच. बदलला तो प्रसंग.

मग वाद उरतो कोठे? तो उरतो कायद्याच्या पलीकडे. या शतकाच्या आरंभी ग्लासगो शहर चाकूच्या खुनांसाठी कुप्रसिद्ध झाले होते. बळी जाणारे आणि मारणारे, दोघेही बहुतेक तरुण. 2005 मध्ये तेथील पोलिसांनी हिंसाचार कमी करण्यासाठी एक खास विभाग उघडला आणि या प्रकाराकडे रोगाच्या साथीप्रमाणे पाहून डॉक्टर, शिक्षक, समाजसेवक यांना हाती धरले. पुढल्या दहा-बारा वर्षांत देशातील खुनांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. ज्या मातेने आपला मुलगा चाकूच्या एका घावात गमावला, तिला लग्नमंडपात कोणाच्या मोज्यातून डोकावणारी मूठ पाहून काय वाटत असेल? तिची भीती आम्ही खोटी म्हणणार नाही. त्याचबरोबर हेही खरे, की गल्लीत चाकू चालवणारी पोरे तो खिशात किंवा बाहीत लपवून नेतात. किल्ट घालून मिरवत नाहीत. समारंभातील सुरीवर सरसकट बंदी घातल्याने ती पोरे सुधारतील, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

म्हणून सरसकट बंदी आम्हांस मान्य नाही. परंतु 'कायदा मला परवानगी देतो, मग मी ती कोठेही लावीन' हा हट्टही आम्हांस तितकाच अमान्य आहे. ज्या कथेच्या बळावर ही सुरी मोज्यात बसली, ती कथा हक्काची नाही. ती पाहुण्याच्या मर्यादेची आहे. यजमानाला विश्वास वाटावा म्हणून जी सुरी काखेतून बाहेर आली, ती यजमानाचा विश्वास मोडत असेल, तर तिने मोज्यातूनही बाहेर यावे, हे त्या परंपरेलाच धरून आहे. शाळेचे मुख्याध्यापक, सभागृहाचे व्यवस्थापक, खेळाच्या मैदानावरील द्वारपाल हे आजचे यजमानच होत. त्यांनी नम्रपणे मागितली, तर पाहुण्याने ती तितक्याच नम्रपणे काढून द्यावी. विमानात प्रवाशाजवळ अशी सुरी ठेवू देत नाहीत. ती सामानाबरोबर खाली जाते. त्यामुळे कोणाचे स्कॉटिशपण उणे झाल्याचे ऐकिवात नाही.

येथे कोणी शिखांच्या कृपाणाचा दाखला देईल. आपल्या राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदात कृपाण धारण करणे हे शीख धर्माच्या आचरणाचाच भाग मानले आहे, आणि नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब येथे जाणाऱ्या मराठी माणसास त्यात काही नवल वाटत नाही. पण दोहोंत भेद आहे. अमृतधारी शिखाला कृपाण हे व्रत आहे. ते काढून ठेवणे म्हणजे व्रतभंग. स्कॉटिश माणसाची सुरी ही रीत आहे. तिची जवळची तुलना होईल ती कोडगूमधील कोडव समाजाच्या पीचेकत्तीशी. तेथील नवरदेव लग्नात कमरेला ही शोभिवंत कट्यार लावतो व एरवी ती घरी जपून ठेवतो. व्रताला प्रसंग पाहता येत नाही, रीतीला पाहता येतो. किंबहुना प्रसंग पाहूनच रीत शोभते.

आणखी एक तोड निघाली आहे. पाते बोथट केलेली, किंवा पाते मुळीच नसून केवळ मूठ असलेली सुरी आता मिळते. काही अभिमानी मंडळी तिला सोंग म्हणून हिणवतात. आमच्या मते मुलांच्या जमावात आणि शाळेच्या समारंभात तीच उचित होय. आपल्या स्नेहसंमेलनात शिवाजी झालेल्या मुलाच्या कमरेला पुठ्ठ्याची तलवार असते. तेवढ्याने प्रेक्षकांच्या अंगावरील रोमांच कमी होत नाहीत. नाटक वेगळे आणि पोशाख वेगळा, असा आक्षेप येथे येईल, आणि तो रास्त आहे. तथापि मोज्यातून दिसते ती मूठच. पाते दाखवण्याची वेळ ज्या समारंभात येईल, तो समारंभ बिघडलाच म्हणावयाचा. आजोबांकडून आलेली खरी सुरी लग्नकार्यात जरूर लावावी. तेथे सर्व आप्तस्वकीय असतात, आणि आजोबांची आठवण त्या मुठीत असते.

विद्यार्थिमित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कित्येक जण शिक्षणासाठी, नोकरीसाठी परक्या गावी आणि परक्या देशी जातील. आपला सण, आपली भाषा, आपला पेहराव यांचा प्रश्न तेथे तुमच्यापुढे उभा राहील. ते सोडून द्या असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. आपले आपण सोडणे आणि दुसऱ्याने बळाने सोडवणे, दोन्ही वाईटच. 1746 चा कायदा याची साक्ष देतो. पण परंपरा पुढे करताना प्रथम तिचा अर्थ विचारावा. ज्या रीतीचा अर्थ आपणांस ठाऊक आहे, ती केव्हा पाळावी आणि केव्हा आवरती घ्यावी हे तीच सांगते. अर्थ विसरून केवळ हक्क उरला, की भूषणाचे पुन्हा शस्त्र होते, मग त्याला धार असो वा नसो.